परदेशातून : आधी कागद दाखवा

गेल्या पंधरवड्यात आमची एक वाघीण हरवली. रेल्वेच्या मराठीत वॅगनला वाघीण म्हणतात, आणि ती हरवली की खरोखरच रानात शोधायला निघाल्यासारखं वाटतं. टेक्सासच्या किनाऱ्यावरून प्लास्टिकचे दाणे भरून निघालेली ही हॉपर वाघीण, पोटात नव्वद टनांच्या आसपास माल, म्हणजे चार ट्रकांचा ऐवज. ओहायो राज्यात टोलेडोजवळ आमचा कारखाना आहे. या दाण्यांच्या तिथे शाम्पूच्या आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या बाटल्या होतात. दाणे वेळेवर पोचले की नाही ते बघणं हे माझं काम. संगणकावर वाघिणीचा नंबर टाकला की ती शेवटची कुठे दिसली ते कळतं. चार दिवस ती शिकागोच्या एकाच यार्डात दिसत होती. पश्चिमेकडून आणणारी कंपनी म्हणे, आम्ही दिली. पूर्वेकडे नेणारी म्हणे, आम्हाला मिळाली नाही. मी दोघांच्या मधे, फोन कानाला लावून, लग्नात हरवलेल्या अहेराची चौकशी करणाऱ्या मामासारखा. पाचव्या दिवशी वाघीण आपोआप हलली. का अडली होती ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तोवर आम्ही ट्रकने दाणे मागवून मशीन चालू ठेवली होती, आणि त्या बिलावर माझ्या साहेबांनी नुसती भुवई उंचावली होती.

ही गोष्ट सांगायचं कारण, सध्या इथे युनियन पॅसिफिक आणि नॉर्फोक सदर्न या दोन रेल्वे कंपन्यांच्या ज्या विलीनीकरणावरून रण माजलंय ते नेमकं याच जागी बोट ठेवतं. अमेरिकेत समुद्रापासून समुद्रापर्यंत रूळ आहेत, पण ते एका मालकाचे नाहीत आणि कधीच नव्हते. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८६९ च्या मे महिन्यात, यूटामधल्या प्रोमॉन्टरीला सोन्याचा खिळा ठोकून इथले रूळ जोडले गेले. ते जोडणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक होती युनियन पॅसिफिक. तीच आजही पश्चिमेत आहे. पण मिसिसिपी नदी ओलांडली की मुलूख दुसऱ्यांचा. ढोबळमानाने नदीच्या पश्चिमेला युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेला नॉर्फोक सदर्न आणि सीएसएक्स. शिकागो, सेंट लुईस, मेम्फिस अशा ठिकाणी माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो. शिकागोत तर कित्येकदा कंटेनर गाडीवरून उतरवून ट्रकवर चढवतात, शहरातून पलीकडच्या यार्डात नेतात आणि पुन्हा गाडीवर चढवतात. देशातल्या रेल्वेमालापैकी जवळजवळ चौथा हिस्सा या एका शहरातून जातो. माझी वाघीण तिथेच रुसून बसली होती.

२९ जुलै २०२५ ला युनियन पॅसिफिकने जाहीर केलं की आम्ही नॉर्फोक सदर्न विकत घेणार. किंमत ८५ अब्ज डॉलर. झालं तर ४३ राज्यांत पसरलेलं, पन्नास हजार मैलांच्या वर लांबीचं एकच जाळं होईल. कंपन्यांचं म्हणणं, मधली देवाणघेवाण गेली की मालाचे एक-दोन दिवस वाचतील, हायवेवरचे ट्रक कमी होतील, आणि वर्षाला पावणेतीन अब्ज डॉलरचा फायदा होईल. नोव्हेंबरात दोन्हीकडच्या भागधारकांनी भरभरून होकार दिला. साहजिक आहे, पैसे त्यांनाच मिळणार.

आता गंमत बघा. त्याच वर्षी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दादाने कात्रण टाकलं : कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला महाराष्ट्राचीही संमती. गोवा, कर्नाटक, केरळ यांनी आधीच मान डोलावली होती, महाराष्ट्राचं पत्र २०२५ च्या मे महिन्यात गेलं. खाली दादाचा एक शब्द : ‘सुटलो.’ त्याच्याखाली काकांचे तीन : ‘सुटलो की बुडालो?’ मग दोन दिवस नुसता धुरळा.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. नव्वदच्या दशकात मोजणीवाले आले तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या परड्याच्या वरच्या अंगाला त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या आणि त्या रेघेत हापूसची सात कलमं गेली. आजी त्या दिवशी जेवली नाही. पण १९९८ मध्ये सबंध मार्ग सुरू झाला आणि पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा तिनेच बोगदे मोजले, आणि मुंबईला पोचल्यावर प्रत्येकाला आकडा सांगितला. दर वेळी वेगळा. कोकण रेल्वे ही आमच्यासाठी कंपनी नव्हतीच, ते घरातलं कार्य होतं. आमची जमीन, आमच्या राज्याचा पैसा. मूळ भांडवलात केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. पाच भावांनी मिळून बांधलेलं घर म्हणा ना.

आणि आता घर चालवायला पैसे नाहीत, हेही खरं. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या वर मार्ग, त्यातला बहुतेक अजून एकेरी. रोहा ते वीर एवढाच तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. गणपतीत गाड्यांची झुंबड उडते ती या एका रुळावर. महामंडळाला दुपदरीकरण झेपत नाही आणि रेल्वेच्या मुख्य खजिन्यातून थेट पैसे मिळत नाहीत, कारण कागदोपत्री ते वेगळं घर. शिवाय भाडं प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरून लावतात, म्हणजे आम्ही कोकणी माणसं बसतो पन्नास मैल आणि पैसे देतो त्याहून जास्त मैलांचे. दादाचा ‘सुटलो’ इथून आला.

मी दादाच्या बाजूला झुकतो. वाघिणी शोधून केस पांढरे झालेल्या माणसाने दोन रेल्वेंमधल्या सांध्यांचं कौतुक करू नये. आपल्याकडे तर हे सांधे १९५१ मध्येच मिटवले गेले. जीआयपी, निजामाची, शिंद्यांची आणि धोलपूरची रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली, आणि आज मनमाडला उभ्या असलेल्या माणसाला कधी काळी इथे दोन मालक भेटत होते हे ठाऊकही नाही. रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते हे प्रवाशाला कळत नाही, पण अर्थसंकल्पाला बरोबर कळतं.

तरीही काकांचं ‘बुडालो?’ मला सोडवत नाही. याला कारण इथली नोकरी.

आमच्या कारखान्याच्या मागे एकच साइडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचा फाटा, आहे आणि त्याला जोडणारा रूळ एकाच कंपनीचा. तिने दर वाढवला तर मी दुसरीकडे जाऊ शकत नाही, कारण दुसरा रूळच नाही. इथल्या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. म्हणजे दावणीला बांधलेलं. मागच्या वर्षी एका महिन्यात आठवडाभर गाडी आलीच नाही, आणि मग एका सकाळी एकदम अकरा वाघिणी आणून उभ्या केल्या. आमच्या साइडिंगवर मावतात पाच. उरलेल्या सहा त्यांच्या यार्डात राहिल्या आणि त्यांचं डेमरेज, म्हणजे अडकून पडल्याचा दंड, आम्हाला लागलं : तुमचा माल तुम्ही वेळेत उतरवून घेतला नाही म्हणून! मी तक्रार लिहिली. उत्तर आलं ते नम्र होतं, छापील होतं, आणि त्यात माझं नाव चुकवलेलं होतं. आम्ही पैसे भरले.

मालकाने मालकाला गिळल्यावर बांधलेल्या गिऱ्हाइकाचं काय होतं याचा अनुभव या देशाकडे आहे. १९९६ मध्ये याच युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली. तेव्हाही सांगितलं होतं, माल झटपट जाईल. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनची यार्डं तुंबली, ती कोंडी सगळ्या पश्चिमेत पसरली, आणि शेवटी सरकारी मंडळाला आणीबाणीचा हुकूम काढावा लागला. आमच्याकडे निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ आहेत, ते तेव्हा टेक्सासमध्ये दाण्यांच्याच धंद्यात होते. ते सांगतात, वाघीण कुठे आहे हे रेल्वेला विचारण्याऐवजी ते गाडी काढून स्वतः रुळाकडेने शोधत फिरायचे, आणि नंबर दिसला की टोपी काढून नमस्कार करायचे. १९९९ मध्ये कॉनरेलची वाटणी झाली. दिवाळखोर कंपन्या गोळा करून सरकारने १९७६ मध्ये उभी केलेली, मग खाजगी झालेली, ही पूर्वेची रेल्वे नॉर्फोक सदर्न आणि सीएसएक्स यांनी भावांसारखी वाटून घेतली. त्याही वर्षी महिनोन् महिने मालाचे हाल झाले. पुढे सगळं सुरळीत झालं, हे नाकारत नाही. पण ते महिने कोणी कोणाला परत दिले नाहीत.

वाटणीचा हा किस्सा मी मुद्दाम ग्रुपवर टाकला. कारण गावाकडे चर्चा ‘विलीन व्हावं की नाही’ यावर अडकलेली. विलीन होऊन कुठे जाणार, हे कोणी विचारत नव्हतं. बेलापूरचं मुख्यालय जाऊन कोकणाला स्वतःचा झोन मिळणार, की उत्तरेचा तुकडा एका झोनला आणि दक्षिणेचा दुसऱ्याला जोडून दोन्ही शेपट्या होणार? एखाद्या मोठ्या झोनची शेपूट होणं म्हणजे काय ते कोणत्याही सीमेवरच्या गावाला विचारा. संगमेश्वरला गाडीचा एक थांबा मिळवायला लोकांनी किती निवेदनं दिली, किती वेळा उपोषणाला बसण्याचे इशारे दिले! ते बेलापूरला, जिथे निदान मराठीत भांडता येत होतं.

महाराष्ट्राने संमती देताना दोन अटी घातल्या. राज्याने गुंतवलेले चारशे कोटींच्या आसपासचे रुपये परत द्या, आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव ठेवा. पैशांची अट समजली. नावाच्या अटीवर काका खूश. मला मात्र नॉर्फोक आठवलं. व्हर्जिनियातलं हे बंदराचं शहर. रेल्वेच्या नावात ते होतं, मुख्यालय तिथे होतं. मग कंपनीने मुख्यालय हलवलं अटलांटाला, तिथे नवी टोलेजंग इमारत २०२१ मध्ये उघडली. नॉर्फोकला काय उरलं? इंजिनांवर रंगवलेलं नाव. आता विलीनीकरण झालं तर मुख्यालय नेब्रास्कातल्या ओमाहात, आणि ते रंगवलेलं नावही जाईल. नाव टिकवण्याची अट ही सगळ्यात स्वस्त अट असते, देणारा ती हसत हसत देतो. दुपदरीकरण कोणत्या सालापर्यंत, वाढीव अंतराचं भाडं कधी बंद, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा शब्द पुढचा मालक पाळणार का, दरडी कोसळतात तिथे पावसाळाभर डोळ्यांत तेल घालून फिरणारी गस्त आहे तेवढीच राहणार का, या अटी महाग. म्हणून त्या मागायला हव्या होत्या.

गस्तीचं वेगळं बोलायला हवं. कोकण रेल्वेला घाट, बोगदे आणि लाल माती यांच्याशी वागायची सवय झालीय. तिथल्या माणसांना कुठला डोंगर कधी पाझरतो ते माहीत असतं. अशी जाण ताळेबंदात दिसत नाही, त्यामुळे काटकसर करताना पहिली कात्री तिलाच लागते. आमच्या ओहायोतच ईस्ट पॅलेस्टाइन नावाचं छोटं गाव आहे, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला चिकटून. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तिथे नॉर्फोक सदर्नची मालगाडी घसरली. एका चाकाचं बेअरिंग तापत तापत गेलं होतं. ३८ डबे रुळावरून उतरले. तीन दिवसांनी, स्फोट होईल या भीतीने, पाच टाक्यांतलं व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम सोडून पेटवण्यात आलं आणि गावावर काळा ढग उभा राहिला. पुढे अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने सांगितलं, ते पेटवायची गरजच नव्हती. कंपनीने लोकांशी ६० कोटी डॉलरची तडजोड केली. तो अपघात विलीनीकरणामुळे झालेला नाही, उगाच बादरायण संबंध जोडणार नाही. पण दोन-दोन मैल लांब गाड्या, कमी माणसं आणि दूरच्या शहरातला नियंत्रण कक्ष या पद्धतीत मोठं होण्याचं कौतुक ऐकलं की मला तो ढग दिसतो. जळालेलं ते रसायन आमच्या दाण्यांचंच भावंड, पीव्हीसीच्या पाइपांचा कच्चा माल.

मग अमेरिकेचं काही घेण्यासारखं आहे का? रेल्वे नको. अर्ज घ्या.

इथे दोन बड्या रेल्वेंना एक व्हायचं असेल तर सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या मंडळापुढे जावं लागतं. नव्वदच्या दशकातल्या गोंधळानंतर मंडळाने २००१ मध्ये नियम कडक केले. आधी ‘नुकसान होणार नाही’ एवढं दाखवलं की भागायचं. आता उलट : स्पर्धा वाढेल आणि जनतेचं भलं होईल, हे विलीन होणाऱ्याने सिद्ध करायचं. गाडी अडली तर पर्याय काय, हेही त्यानेच लिहून द्यायचं. हे विलीनीकरण या नियमांची पहिली खरी परीक्षा आहे. १९ डिसेंबर २०२५ ला कंपन्यांनी अर्ज दिला, सात हजार पानांच्या घरातला. १६ जानेवारी २०२६ ला मंडळाने तो एकमताने परत पाठवला : अपुरा आहे, पूर्ण करून आणा. नाकारला नाही, फक्त सांगितलं, कागद कमी आहेत. ८५ अब्जांच्या व्यवहाराला तलाठ्यासारखं ‘सातबारा जोडा’ म्हणून परत पाठवलेलं पाहून मला अपार समाधान झालं, हे कबूल करतो.

माझ्यासारखा दावणीचा गिऱ्हाईकही या अर्जावर आपलं म्हणणं लिहून देऊ शकतो. आमचे साहेब देणार आहेत. अकरा वाघिणींचा किस्सा मी त्यांना टिपून दिलाय, माझं नाव या वेळी बरोबर लिहून.

आता कोकण रेल्वेकडे या. पाच भागधारकांपैकी चौघं राज्यं. संमती गेली ती सरकारकडून सरकारला पत्राने. माझ्या परड्यातून रूळ जातो, पण मला कोणी विचारलं नाही. दुपदरीकरणाचं वेळापत्रक कुठल्या कागदावर आहे, तो कागद दादाला पाहता येत नाही. विरोध करायलाही हातात काही हवं ना! काका ‘बुडालो’ म्हणतात आणि दादा ‘सुटलो’ म्हणतो, दोघंही अंधारात.

इथल्या मंडळाची आरती ओवाळायची म्हणाल तर तेही नाही. व्यवहार जाहीर होऊन महिना उलटतोय तोच, ऑगस्टमध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मंडळाचे एक सदस्य रॉबर्ट प्रायमस यांना काढून टाकलं. आधीच्या एका मोठ्या विलीनीकरणाच्या विरोधात एकटं मत देणारे ते हेच. पाच खुर्च्यांच्या मंडळात मग तीनच भरलेल्या राहिल्या. सप्टेंबरात ट्रम्प म्हणाले, हे विलीनीकरण मला चांगलं वाटतं. अर्ज सात हजार पानांचा असो की सत्तर, तो वाचणारा माणूस खुर्चीवर टिकेल का, हा प्रश्न ओमाहापासून बेलापूरपर्यंत सारखाच. पण त्याच उरलेल्या तिघांनी जानेवारीत अर्ज परत पाठवला, हेही तितकंच खरं.

लहानपणी आम्ही पोरं परड्याच्या कडेला बसून रो-रो गाडीची वाट बघायचो. सपाट वाघिणींवर ट्रक चढवून कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्याला नेणारी ही सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्ये सुरू केली. ट्रक रेल्वेवर बसून चाललाय, आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय वर करून विडी ओढतोय, हात हलवतोय! अशी कल्पना मोठ्या झोनच्या शेपटाला सुचली असती का, मला शंका आहे. लहान, हाताशी पैसे नसलेल्या, जिवावर उदार झालेल्या महामंडळाला ती सुचली. इथे ट्रक रुळावर आणण्याचं वचन ८५ अब्जांना विकलं जातंय.

परवा दादाचा फोन आला. इथे बाहेर फूटभर बर्फ, तिकडे आंब्याला मोहोर. गावातले काही लोक मिळून खासदारांना निवेदन देणार आहेत, मसुदा तू कर म्हणाला, तुझं रेल्वेचंच काम ना. मी रात्री बसून लिहिला : झोन कोणता, दुपदरीकरणाचं साल कोणतं, भाड्यातलं वाढीव अंतर कधी जाणार, गस्तीची माणसं किती, आणि या सगळ्याचा कागद जनतेला कुठे बघायला मिळेल. सकाळी त्याचं उत्तर आलं होतं.

‘‘चांगलंय रे. पण सगळ्यात वर स्टेशनाच्या पत्र्याचं घाल. दोन नंबरवर गळतो. काका म्हणतात, विलीन होऊ दे नाहीतर न होऊ दे, पावसाआधी तो बदला.’’

घातलं सगळ्यात वर.